अळंबीचं गाव की हंबरड्याचं? मायसिनीच्या नावामागे पाच दिवस

पहिला दिवस : अथेन्स

नाशिकच्या कुणालाही गावाच्या नावाचा अर्थ विचारा, उत्तर तयार असतं. लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक इथं कापलं, म्हणून नासिका, म्हणून नाशिक. विचारलेला माणूस जुना असेल तर तो दुसरंही सांगतो : 'नाशिक नव टेकांवर वसविले'. नऊ टेकड्या, नऊ शिखरं, त्याचं नाशिक. लहानपणी मला दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटायच्या. एकाच नावाचे दोन अर्थ खरे कसे असतील, हे पहिल्यांदा विचारलं ते माझ्या दादानं, पांडवलेण्यांच्या पायऱ्या उतरताना. तो तेव्हा नववीत होता.

त्याच लेण्यांत, सतराव्या क्रमांकाच्या लेण्यात एक शिलालेख आहे, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. लेणं खोदवून घेणारा स्वतःची ओळख देतो : उत्तरेकडचा, दात्तामित्रीचा राहणारा, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, 'योणक'. नाव अस्सल इथलं, ओळख मात्र यवनाची. हा 'योण' किंवा 'यवन' शब्द आला आयोनियावरून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ग्रीकांच्या प्रदेशाच्या नावावरून. इराणी लोक त्यांना 'यौन' म्हणत, तोच शब्द पुढे आपल्याकडे आला. एका किनाऱ्याचं नाव इतका प्रवास करून आमच्या गावाबाहेरच्या डोंगरात कोरलं गेलं, हे कळल्यापासून ग्रीसमधल्या गावांच्या नावांनी मला धरून ठेवलं आहे. त्यातलं सगळ्यात जास्त छळणारं नाव मायसिनी, दक्षिण ग्रीसमधल्या कांस्ययुगातल्या एका किल्ल्याच्या शहराचं. दादाची द्राक्षबाग निफाड तालुक्यात. ऑक्टोबर छाटणी सुरू व्हायच्या आत त्याला आठवडाभर सुटता येणार होतं. म्हणून सप्टेंबर ठरला.

अथेन्सला पोचलो तेव्हा दुपार कलत होती. हॉटेलच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना संत्र्यासारखी झाडं, हिरव्या कच्च्या फळांनी भरलेली. दादानं पान चुरगळून वास घेतला. काउंटरवरच्या बाईंना झाडाचं नाव विचारलं. त्या म्हणाल्या, 'नेरांत्झिया'. आपलं नारिंगच. संस्कृतातला 'नारंग' फारसी-अरबीतून फिरत फिरत इथं कडू नारिंगाचं 'नेरांत्झी' होऊन बसलाय. गोड संत्र्याला मात्र ग्रीक लोक 'पोर्तोकाली' म्हणतात, म्हणजे चक्क पोर्तुगालचं फळ. देशाचं नाव फळाला चिकटल्याचं हे पहिलं उदाहरण पहिल्याच संध्याकाळी मिळालं.

ॲक्रोपोलिसवर ऊन उतरल्यावर चढलो. अथीना देवीवरून अथेन्स, असं आपण शाळेत शिकलो. समुद्रदेव पोसायडननं खारं पाणी दिलं, अथीनानं ऑलिव्हचं झाड दिलं, लोकांनी तिला निवडलं आणि गावाला तिचं नाव मिळालं. पुष्कळ अभ्यासक आता उलट दिशेनं बघतात : गावाचं नाव आधी, देवीला नाव गावावरून. कारण शेवटची ती 'ईनी' : अथीनी, मुकीनी (म्हणजेच मायसिनी), पालीनी, प्रिईनी. या भागातल्या ठिकाणांच्या नावांना ती लागलेली दिसते. तेहतीसशे-चौतीसशे वर्षांपूर्वीच्या एका मातीच्या पाटीवर 'अथाना पोत्निया' असे शब्द आहेत. त्यातल्या 'पोत्निया'चा अर्थ स्वामिनी, मालकीण, आणि तो शब्द म्हणजे संस्कृतातल्या 'पत्नी'चा सख्खा भाऊबंद. 'अथाना'चा मात्र ग्रीक भाषेतून काही उलगडा होत नाही. निम्मा शब्द घरातला वाटतो आणि उरलेला निम्मा कुणाचा ते कळत नाही. पुढचे चार दिवस हेच पुन्हा पुन्हा घडत राहिलं.

दुसरा दिवस : कोरिंथ

सकाळची बस. कोरिंथच्या संयोगभूमीवर कालवा आला तेव्हा उतरून पुलावर गेलो. १८९३ साली खुला झालेला, सव्वासहा किलोमीटरच्या आसपास लांब, दोन्ही बाजूंना सरळसोट कापलेले खडक आणि तळाशी निळ्या पाण्याची रेघ. पाहून झालं, पुढे निघालो.

आजचं कोरिंथ शहर तसं नवं. १८५८ च्या भूकंपात जुनं गाव पडलं आणि काही किलोमीटरवर समुद्राकाठी नवं वसलं. प्राचीन कोरिंथ आता छोटं खेडं आहे. अपोलोच्या देवळाचे सात खांब उभे आहेत आणि पाठीमागे ॲक्रोकोरिंथचा ५७५ मीटर उंच डोंगर. पायथ्याशी उभं राहून दादा म्हणाला, ''हा अंकाईसारखा दिसतो.'' मला पटलं.

कोरिंथ म्हणजे काय? कोरिंथकर सांगत, देवांचा राजा झ्यूस याचा मुलगा कोरिंथोस, त्याच्यावरून. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाचा ग्रीक प्रवासी इथून गेला. त्यानं पाहिलेलं आणि ऐकलेलं सगळं लिहून ठेवलं. या विषयावर तो म्हणतो की कोरिंथोस झ्यूसचा मुलगा होता हे बहुसंख्य कोरिंथकर सोडले तर दुसऱ्या कुणी गांभीर्यानं म्हटल्याचं मला माहीत नाही. 'झ्यूसचा कोरिंथोस' हा ग्रीक भाषेत वाक्प्रचारच झाला होता, तीच ती गोष्ट कंटाळा येईपर्यंत सांगणाऱ्यासाठी.

पॉसेनियस आणखी एक नोंद करतो, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याच्या काळात कोरिंथमध्ये जुने कोरिंथकर उरलेच नव्हते. इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी शहर उद्ध्वस्त केलं, शंभर वर्षांनी, इ.स.पू. ४४ मध्ये सीझरनं तिथं बाहेरून माणसं आणून वसवली. लोक बदलले आणि नाव राहिलं. आणि अशी अदलाबदल या मातीत पहिल्यांदा झाली नव्हती.

कोरिंथोसच्या शेवटी 'न्थ' आहे. तिरिन्थ, झाकिन्थोस, ओलिन्थोस या ठिकाणांच्या नावांतही आहे. दुसरा असाच गट 'स्स'चा : पार्नासोस, क्नोसोस, हालिकार्नासोस. ग्रीक भाषेच्या धातूंत या नावांची मुळं सापडत नाहीत. १८९६ मध्ये पॉल क्रेच्मर या भाषाशास्त्रज्ञानं हे नीट मांडलं : ही नावं ग्रीकांच्या आधी इथं राहणाऱ्या लोकांची आहेत, आणि अशीच नावं समुद्रापलीकडे, आजच्या तुर्कस्तानातही आहेत. तिकडच्या जुन्या लुवियन भाषेत 'पर्ना' म्हणजे घर, म्हणून काही जण पार्नासोस डोंगराचा धागा तिथं जोडतात. १९२८ मध्ये हेली आणि ब्लेगन या दोघांनी अशा नावांचा नकाशा काढला आणि तो कांस्ययुगातल्या सगळ्यात जुन्या वस्त्यांशी ताडून पाहिला. ती आधीची भाषा कोणती यावर अजून वाद आहे. ती होती याबद्दल फारसा नाही.

गावांच्या नावांबरोबर त्या लोकांचे आणखीही शब्द ग्रीकांनी उचलले, आणि कोणते उचलले ते बघितलं की चित्र उभं राहतं : हायकिन्थोस म्हणजे हायसिंथचं फूल, किपारिसोस म्हणजे सुरूचं झाड, मिन्था म्हणजे पुदिना, आसामिन्थोस म्हणजे न्हाणीतलं मोठं पात्र, थालासा म्हणजे समुद्र. नव्यानं आलेल्या माणसांनी इथली झाडं, इथलं पाणी, इथलं न्हाणीघर पाहिलं आणि 'याला काय म्हणतात?' असं विचारलं असणार. आपण च्युइंगमच्या पाकिटावर 'मिंट' वाचतो तेव्हा त्या नावगाव विसरलेल्या लोकांचा शब्द वाचत असतो. आपल्याकडेही डोंबिवली, कणकवलीतल्या 'वली'चं नातं काही अभ्यासक द्राविडी 'पल्ली-हळ्ळी'शी जोडतात. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावांच्या नावांचा इतका ध्यास का घेतला होता, हे मला त्या खांबांखाली बसल्यावर उमगलं.

खेड्यातल्या दुकानात दादाला बारीक काळे बेदाणे दिसले, मिऱ्याएवढे. कोरिंथी द्राक्ष, बिनबियांचं. युरोपात हे 'कोरिंथचे बेदाणे' म्हणून जात आणि त्यातल्या कोरिंथचंच इंग्रजीत 'करंट' झालं. पुढे तेच नाव भलत्याच एका झुडपाच्या काळ्या फळाला दिलं गेलं. आपण ब्लॅक करंट आइस्क्रीम खातो त्यातही कोरिंथ आहे. दादानं अर्धा किलो घेतले आणि रात्री खोलीत कागदावर पसरून एकेक दाणा तपासला. आपल्याकडे बेदाणा शेडमध्ये जाळ्यांवर सुकवतात. हा उन्हात वाळवलेला. साल जाड आणि चव किंचित आंबट. आपल्याकडच्या थॉम्पसन जातीच्या द्राक्षाला ही चव येणार नाही, असं तो म्हणाला, आणि त्या विषयावर त्याचा शब्द मी प्रमाण मानते.

तिसरा दिवस : मायसिनी

बसमध्ये तिकीट काढताना मी 'मायसिनी' म्हटलं. कंडक्टरला कळलं नाही. 'मिकीनेस' म्हटल्याबरोबर त्याची मान हलली. प्राचीन उच्चार यांहून वेगळा, 'मुकेनाइ'च्या जवळचा. याला पुरावा इजिप्तमध्ये आहे. फेरो आमेनहोतेप तिसरा याच्या देवळात, इ.स.पू. चौदाव्या शतकात, एका पुतळ्याच्या चौथऱ्यावर समुद्रापारच्या गावांची यादी कोरली आहे. क्रीट बेटावरची अम्निसोस, फैस्तोस, क्नोसोस, आणि त्यांच्याबरोबर 'मुकाना'. ट्रोजन युद्धाच्या कथेपेक्षाही आधी हे नाव नाईलच्या काठी दगडात गेलं होतं.

फिख्तीच्या फाट्यावर उतरलो. तिथून चारेक किलोमीटर. वाटेतल्या गावाचं नाव मिकीनेस, पण ते अलीकडचं. जर्मन उत्खननकार श्लीमान १८७६ मध्ये खोदायला आला तेव्हा हे गाव खार्वाती होतं. ग्रीस स्वतंत्र झाल्यावर शेकडो गावांची तुर्की, स्लाव्ह, आल्बेनियन वळणाची नावं बदलून जुनी ग्रीक नावं परत लावली गेली, त्यात हेही. म्हणजे आज पाटीवर दिसणारं नाव हजारो वर्षं अखंड चालत आलेलं नाही. इ.स.पू. ४६८ मध्ये अर्गोसनं मायसिनी मोडली. त्याच्या अकराच वर्षं आधी पर्शियनांविरुद्ध प्लातियाला लढायला मायसिनी आणि तिरिन्थ मिळून चारशे माणसं गेली होती. पुढे शहर इतकं विसरलं गेलं की मायसिनीचा मागमूसही सापडत नाही, असं स्ट्राबो हा भूगोलकार लिहून गेला. पॉसेनियसला मात्र तट सापडला आणि सिंहांचं दारही.

ते दार समोर येतं तेव्हा बोलणं थांबतं. इ.स.पू. १२५० च्या सुमाराचं. वरची आडवी शिळा वीसेक टनांची. तिच्यावर त्रिकोणात एक खांब आणि दोन्ही बाजूंना पुढचे पाय उंचावर टेकून उभे सिंह, दोघांचीही डोकी आता नाहीत. आजूबाजूचा तट प्रचंड दगडांचा. पुढच्या ग्रीकांना हे माणसांचं काम वाटेना. त्यांनी ते एकडोळ्या सायक्लोप्सांच्या नावावर घातलं, जसं आम्ही नाशकात लेणी पांडवांच्या नावावर घातली.

नावाच्या कथा इथं बसूनच सांगायच्या. बहुतेक सगळ्या पॉसेनियसनं जमवल्या आहेत. मेदुसा या राक्षशिणीचं डोकं उतरवणारा पर्सियस अर्गोसचा राजपुत्र. थाळीफेक करताना त्याच्या हातून चुकून आजोबांचा जीव गेला. त्या गादीवर बसायची त्याला शरम वाटली, म्हणून अर्गोस दुसऱ्याला देऊन त्यानं बदल्यात तिरिन्थ घेतलं. मग तो या टेकडीवर आला असताना तलवारीच्या म्यानाची टोपी गळून पडली. तिला ग्रीकमध्ये 'मुकेस' म्हणतात. त्यानं तो शकुन मानला आणि शहर वसवलं. पॉसेनियसनं ऐकलेली दुसरी कथा : पर्सियसला तहान लागली होती, त्यानं जमिनीतली एक अळंबी उपटली, तर खालून पाणी वाहू लागलं. अळंबीलाही 'मुकेस'च म्हणतात, आकार तोच. बुरशीच्या शास्त्रात आणि औषधांच्या नावांत तो शब्द अजून जिवंत आहे. स्ट्रेप्टोमायसिनमधला 'मायस' हाच. तिसरी : इनाकस नदीदेवाची मुलगी मुकेनी, तिच्यावरून. ग्रीक महाकवी होमर तिचा सुंदर मुकुटवाली म्हणून उल्लेख करतो. चौथीही एक आहे, मुकेनेउस नावाच्या पुरुषाची, पण ती आपण मान्य करत नाही असं पॉसेनियस स्पष्ट सांगतो.

आणखी एक कथा दुसरीकडे मिळते. मेदुसाच्या दोघी गॉर्गन बहिणी पर्सियसचा पाठलाग करत आल्या, इथवर येऊन तो हाती लागत नाही म्हणताना त्यांनी टाहो फोडला. गाईम्हशींच्या ओरडण्याला ग्रीकमध्ये 'मुकेथ्मोस' म्हणतात, त्यावरून मुकेनाइ. मराठीत या कथेला नेमका शब्द आहे. हंबरणं जनावराचं आणि हंबरडा माणसाचा. धाकट्या बहिणीचं डोकं छाटलं गेल्यावर थोरल्या दोघींनी फोडला तो हंबरडाच.

भाषाशास्त्र यातलं काहीच मानत नाही. अथेन्सच्या शेवटी आहे तीच 'ईनी' इथं आहे. नाव ग्रीकांच्या आधीचं आणि मूळ अर्थ त्या भाषेबरोबर गेला. रूप बहुवचनी का, याचं एक उत्तर म्हणजे अनेक छोट्या वस्त्या मिळून गाव झालं असावं. होमर कधी एकवचनात 'मुकेनी' म्हणतो आणि पुढे विशेषण लावतो : 'सोन्यानं संपन्न'.

ते विशेषण श्लीमाननं शब्दशः घेतलं. दारातून आत गेल्यावर उजव्या हाताला दगडी चकत्यांनी वेढलेलं गोल आवार लागतं. तिथल्या खोल कबरींतून १८७६ मध्ये त्यानं सोनं काढलं, मुखवट्यांसह. त्यातला एक मुखवटा अगॅमेम्नॉनचा, म्हणजे ट्रोजन युद्धातल्या ग्रीकांच्या सेनापतीचा, म्हणून जगभर गेला. खरं तर ट्रोजन युद्धाचा जो काळ मानला जातो त्याच्या तीनेकशे वर्षं आधीच्या कुणा राजाचा तो आहे. पण कवितेतलं एक विशेषण कितीतरी शतकं खरं सांगत होतं, हे सिद्ध झालं.

आता माझं म्हणणं. अळंबीची कथा शब्दाचा अर्थ सांगत नाही, हे मला मान्य आहे. ती जागेचा अर्थ सांगते, असं मला त्या दिवशी वाटलं आणि अजून वाटतं. टेकडी कोरडी आहे. सप्टेंबरात तिथं वाळलेल्या गवताशिवाय काही नव्हतं. उत्तरेच्या टोकाला तटातून खाली जाणारा एक जिना आहे, नव्याण्णव पायऱ्यांचा. तो अठरा मीटर खोल पाण्याच्या टाक्यापर्यंत उतरतो. तटाबाहेरच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी या टाक्यात आणलं होतं. इ.स.पू. १२०० च्या आसपास, वेढा पडला तर पाणी आतून मिळावं म्हणून. आम्ही उजेड संपेपर्यंत उतरलो आणि थांबलो. खालून गार हवा येत होती. दादानं भिंतीवरचा चुन्याचा थर हातानं चाचपला आणि बराच वेळ काही बोलला नाही. विहिरींची कामं त्यानं आयुष्यभर केली आहेत. त्या झऱ्याचं नाव पॉसेनियसनं दिलंय : पर्सेइया. पर्सियसचा झरा.

शहर वसवणारा तहानेला आला, वाकला, जमिनीतून पाणी निघालं. जिच्यात पाण्याची कथा नाही अशी या टेकडीची कुठली आठवण इतकी वर्षं टिकली असती? लोकांनी 'मुकेस' शब्दाच्या आधारानं गोष्ट बांधली, पण कशाची बांधायची हे त्यांना ठाऊक होतं. नाशकातलं नाकही तसंच आहे. नासिका हा शब्द तिथं शूर्पणखेमुळे आला असो वा नसो, पंचवटी आणि गोदावरी त्या गोष्टीनं गावाला कायमची बांधली. टॉलेमीच्या भूगोलात दुसऱ्या शतकात आमचं गाव 'नासिका' म्हणूनच आहे.

दुपारी अट्रियसचा खजिना म्हणतात त्या घुमटात गेलो. तो खजिना नव्हता, कबर होती. आतून साडेचौदा मीटर रुंद, जवळजवळ तेवढीच उंच. दगडांचे थर एकेक पुढे सरकवत वर मिटवलेले. दारावरची आतली शिळा एकशेवीस टनांची धरतात. आत आम्ही दोघंच होतो. दादानं मला साधी हाक मारली. ती भिंतीभिंतीनं फिरली, फुगली आणि छातीवर येऊन आदळली. गॉर्गनांची गोष्ट कुठं जन्मली असेल ते मला सांगता येणार नाही, पण त्या आवाजात ती मला खरी वाटली.

संध्याकाळी परत येताना मागे वळून पाहिलं. किल्ल्याच्या उत्तरेच्या डोंगराला आता प्रोफितिस इलियास म्हणतात, पैगंबर एलियाचा डोंगर. ख्रिस्ती नावाचा आणखी एक थर.

चौथा दिवस : नाफ्प्लियो आणि तिरिन्थ

नाफ्प्लियोच्या हॉटेलात फॉर्म भरताना मालकीणबाईंनी बोट ठेवून विचारलं, ''ओनोमा?'' म्हणजे नाव. ओनोमा, नाम, नाव : ही सगळी एकाच घराण्यातली.

या गावाचं नाव मात्र ग्रीकांना कळत होतं. 'नाउस' म्हणजे गलबत आणि 'प्लेओ' म्हणजे समुद्रावर जाणं. पोसायडनचा मुलगा नाउप्लियोस, त्यानं वसवलेलं नाउप्लिया. आपल्याला हे दुहेरी जवळचं. 'नाउस' म्हणजे संस्कृतातलं 'नौ', मराठीतली 'ती नाव'. 'प्लेओ' म्हणजे 'प्लु', 'प्लवते', तरंगणं. एका मराठी शब्दात 'ती नाव' आणि 'ते नाव' शेजारी बसतात, आणि त्या बंदरावर दोन्ही माझ्यासमोर होती. इजिप्तच्या त्या यादीत हे गावही आहे. १८२९ ते १८३४ हे नव्या ग्रीसच्या राजधानीचं शहर होतं. वर पालामिदीचा किल्ला. पायऱ्या ९९९ असं सगळे सांगतात, मोजणाऱ्यांना त्याहून कमी भरतात. आम्ही खालूनच नमस्कार केला, कारण तिरिन्थ राहायचं होतं.

बसनं दहा मिनिटं, संत्र्यांच्या बागांमधून. होमर तिरिन्थला 'तटबंदीचं' म्हणतो आणि बस तेवढंच म्हणणं पुरे आहे. तट काही ठिकाणी आठ मीटर जाड, काही ठिकाणी त्याच्या दुप्पट, आणि त्या जाडीच्या पोटात दगड एकमेकांकडे कलत गेलेले टोकदार छताचे बोळ. आतले दगड खालच्या बाजूला काचेसारखे गुळगुळीत. शतकानुशतकं मेंढ्या उन्हापावसात इथं आडोशाला येत, अंग घासून त्यांनी ते गुळगुळीत केलेत. तिरिन्थ नावाचा अर्थ विचारला तर ग्रीक सांगत, अर्गोस नावाच्या पुरुषाच्या मुलाचं नाव. म्हणजे कोरिंथसारखंच. 'न्थ' जे सांगायचं ते सांगून मोकळा झालेला असतो.

मला इथं यायचं होतं ते वेगळ्याच शब्दासाठी. खालच्या तटातून दोन भुयारं बाहेर पाण्याकडे उतरतात, १९६२ मध्ये सापडलेली. त्यांना पुरातत्त्वज्ञ 'सिरिंगेस' म्हणतात. एकवचन 'सिरिंक्स' : पोकळ नळी, वेताची बासरी, भुयार. हाच शब्द यवनांबरोबर आपल्याकडे आला आणि 'सुरुङ्गा' झाला. कौटिल्यानं वापरलाय, लाक्षागृहातून पांडव निसटले ती वाटही 'सुरुङ्गा'च. त्याचं मराठी सुरुंग. डॉक्टरांच्या हातातली सिरिंज हे त्याचं दुसऱ्या वाटेनं आलेलं भावंड.

हे मी दादाला भुयाराच्या तोंडाशी सांगितलं. तो म्हणाला, ''विहिरीला सुरुंग लावायचा म्हणून मी हा शब्द किती वेळा बोललो असेन. आणि हा सुरुंगही पाण्यालाच गेलाय बघ.'' मग आम्ही तिथल्या दगडावर बसून कोरिंथचे बेदाणे खाल्ले.

पाचवा दिवस : पुन्हा अथेन्स

राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात शिरल्यावर पहिलंच दालन मायसिनीचं. सोन्याचे मुखवटे, सिंहाच्या शिकारीचं चित्र जडवलेला खंजीर, पाकळ्यांसारखे सोन्याचे पत्रे. अगॅमेम्नॉन म्हणवला गेलेला तो मुखवटा खऱ्यानं बघताना त्याच्या पापण्या लक्षात राहतात. डोळे मिटलेलेही वाटतात आणि उघडेही.

पण माझी ओढ मातीच्या पाट्यांकडे होती. १९२८ मध्ये नावांचा नकाशा काढणाऱ्या ब्लेगननं १९३९ मध्ये नैऋत्य ग्रीसमधल्या पायलोसला पहिला चर खणला आणि पहिल्याच दिवशी त्याला या पाट्या लागल्या. ओल्या मातीवर कोरलेले सरकारी हिशेब, भाजलेलेही नव्हते. राजवाडा जळला त्या आगीत भाजून निघाले, म्हणून उरले. क्रीटमध्ये अशाच पाट्या आधी सापडल्या होत्या, पण ही लिपी कुणाला वाचता येत नव्हती. मायकेल व्हेंट्रिस या तरुण इंग्रज वास्तुविशारदानं १९५२ मध्ये ती उलगडली, आणि त्याला कुलूप उघडायला किल्ली मिळाली ती गावांच्या नावांची. ॲलिस कोबर या अमेरिकन संशोधक बाईंनी आधी काही शब्दगट वेगळे काढून ठेवले होते. त्यातले जे क्रीटच्याच पाट्यांवर दिसत होते ते तिथल्या गावांची नावं असतील, असं त्यानं धरलं. अ-मि-नि-सो, म्हणजे अम्निसोस. को-नो-सो, म्हणजे क्नोसोस. ग्रीकांनाही ज्यांचा अर्थ सांगता आला नव्हता ती नावं बरोबर बसली आणि त्यांच्या आधारानं बाकीची चिन्हं वाचली, तर बाहेर पडली ती ग्रीक भाषाच. व्हेंट्रिसची स्वतःची अपेक्षा वेगळ्या भाषेची होती. चारच वर्षांनी तो गेला, चौतिसाव्या वर्षी.

मग दालनात मला हवी होती ती पाटी सापडली. तळहाताहून लांब, अरुंद, भांड्यांची यादी. व्हेंट्रिस बरोबर आहे हे जगाला पटलं ते या पाटीमुळे, कारण प्रत्येक शब्दापुढे भांड्याचं चित्र आहे. 'ति-रि-पो-दे', आणि पुढे तीन पायांच्या भांड्याचं चित्र, आकडा दोन. दोन आहेत म्हणून द्विवचन, आपल्या संस्कृतासारखंच. त्रि आणि पाद. मी काचेपाशी वाकून पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, ति-रि-पो-दे. पुढच्या भांड्यांत चार कानांचं, तीन कानांचं, बिनकानाचं अशी नोंद आहे आणि चित्रातले कान मोजून घेता येतात. मुकाना, अथाना, कोरिंथोस यांचा अर्थ लावण्यात पाच दिवस गेले होते. या कारकुनाचा शब्द मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

दादाला मी यादीतलं एक भांडं दाखवलं. कारकून लिहितो की हे क्रीटच्या घडणीचं आहे आणि याचे पाय जळून गेलेत.

दादा चित्राकडे बघत राहिला. मग म्हणाला, ''आपल्या आईची तिवई आठवते तुला? तिचाही चुलीकडचा पाय जळका होता.''